खाड्याच्या दिवसाची भाकरी

उमरगा,
रविवार, १५ जून २०२५

ती. आत्यांना रणधीरचा नमस्कार.

शेजारच्या ज्ञानेश्वरीच्या फोनवर मी तुमच्याशी दोनदा बोललो. दोन्ही वेळा तुम्ही "व्हय, व्हय, जेवले" एवढंच म्हणालात. मी जेवणाचं विचारलंच नव्हतं. तुमच्या कानांना फोन झेपत नाही हे तेव्हा लक्षात आलं, म्हणून आता पत्र. मलाही पत्रच बरं पडतं. बोलताना मी अडखळतो. लिहिताना आधी कच्चं लिहून मग पक्कं करता येतं.

एक गोष्ट कळवायची आहे. काळजीचं कारण नाही, हे आधीच सांगतो. गेल्या महिन्यात आडतीवर तुरीचं पोतं पाठीवर घेताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पडलो नाही. आमच्या हमालांच्या टोळीचे मुकादम सिद्रामप्पा मागेच होते, त्यांनी पोतं वरच्या वर धरलं आणि मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं. एकोणपन्नास किलो भरलो. त्या म्हणाल्या, "पोतं पन्नास किलोचं आणि उचलणारा त्याहून हलका. पंचावन्न कर, मग ओझ्याचं बघू." सिद्रामप्पा बाहेर येऊन म्हणाले, "रणधीर नाव कुणी ठेवलं रे तुझं? रणात वारा सुटला तर पतंग होशील."

त्यांनी मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली आहे. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन सुरू होतं, तेव्हा टोळीत अर्धा माणूस चालत नाही. तोवर मी पोती शिवायची, सांडलेला माल गोळा करायचा आणि भुशाची हलकी पोती वाहायची. वजन भरलं नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. आयटीआय अर्धवट सोडलेल्या माणसाला दुसरीकडे कोण विचारतं, ते मी एकदा फिरून पाहिलेलं आहे. म्हणून हे वजन मी मनावर घेतलं आहे.

मेडिकलवाल्याने मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. दिवसभरात खाल्लेलं सगळं त्यात लिहायचं, मग ते कॅलरी सांगतं; मला दिवसाला तीन हजार लागतात म्हणे. धान्य किलोवर मोजतात, तशी अन्नातली ताकद कॅलरीवर मोजतात. अडचण भाकरीची आहे. ॲप विचारतं, भाकरी लहान, मध्यम की मोठी? इथल्या प्रेमाबाईंच्या खानावळीतली भाकरी पातळ असते. मला मध्यम म्हणजे तुमची भाकरी एवढंच माहीत आहे. तेव्हा तुमच्या एका भाकरीचं वजन करून कळवाल का?

आपले बैल कोसा आणि शेल्या कसे आहेत? पेरणी उरकली का? मामा गेल्यापासून तुम्ही एकट्याच आहात, औताचं कोण बघतं, ते तुम्ही कधी लिहिलं नाही.

पंचावन्न किलो झालो की ईटला येईन. त्याआधी येत नाही, कारण मी आलो की तुम्ही आधी माझी मनगटं बघता.

आपला,
रणधीर


ईट,
शनिवार, २१ जून

चि. रणधीरला आत्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग ज्ञानेश्वरीकडून वाचून घेतलं, तवा कॅलरीचा उलगडा झाला. मला आधी वाटलं, डाक्टरनं दिलेल्या गोळीचं नाव हाय. म्हणलं, एवढी तीन हजार गोळी पोरगं एका दिसात कसं गिळतंय?

तुझ्यापायी गावात माझं हसू झालं. धनाजीच्या दुकानात जाऊन त्याच्या काट्यावर भाकर ठेवली. त्यो म्हणतो, "काकू, भाकरी इकायला काढल्या व्हय?" म्हणलं, "न्हाय रं, भाच्याला हिशोब पायजे." तर म्हणतो, "भाकरीचा हिशोब मागणारा भाचा म्या पयल्यांदाच बघायलोय. उद्या ठेच्याचं माप मागंल, तवा काटा घरी घिऊन जावा." दीडशे ग्राम भरली. ताजी होती म्हणून काट्याची काच गरम झाली, तर त्यानं लगीच उचलून माझ्या हातात दिली. तोलायची म्हणूनच केली होती. न्हायतर आज चूल पेटवायची न्हवती, कालची होतीच.

पेरणी झाली. उडीद आन सोयाबीन. दावणीचं इचारलंस, तर दावण जागंवर हाय.

वजन भरल्यावर येतो म्हणजे काय? तुला बघायला पावणे यायलेत का? मला तू एकोणपन्नासचा बी चालतोस. पण तुझं डोस्कं मला ठाव हाय. ल्हानपणी पाटीवरचं एक अक्षर वाकडं आलं तर सगळी पाटी पुसायचास.

पोटाला खा. हातरुणात उशाला पाणी ठिवत जा.

आत्या


उमरगा,
रविवार, २९ जून

ती. आत्यांना नमस्कार.

दीडशे ग्रॅम हा आकडा फार उपयोगी पडला. खानावळीतल्या दोन भाकऱ्या म्हणजे तुमची एक, असं निघालं. म्हणजे आजवर मी ॲपमध्ये दुप्पट लिहीत होतो. आता सगळं दुरुस्त केलं आहे.

वजन आता पन्नासला थोडं कमी आहे.

ॲपमध्ये कामाच्या तीन खुणा आहेत. बसून काम, मध्यम काम आणि कष्टाचं काम. सोमवार ते शनिवार मी 'कष्टाचं काम' लावतो, तेव्हा ते तीन हजारांच्या वर खायला सांगतं. तेवढं खाणं हेच एक काम होऊन बसतं. प्रेमाबाई म्हणतात, "मालक, तुम्ही जेवता का परीक्षा देता?" रविवारी आणि अमावस्येला आडत बंद असते. त्या दिवशी मी उठल्याबरोबर खूण बदलून 'बसून काम' लावतो. आकडा लगेच जवळजवळ निम्म्यावर येतो. सकाळचे पोहे आणि दुपारचं ताट झालं की थोडंच उरतं. संध्याकाळी खानावळ बंदच असते, त्यामुळे तेही बसतं.

मेडिकलवाला म्हणाला, रोज खूण बदलू नकोस. पण मला मामांची पद्धत बरोबर वाटते. औत चाललं त्या दिवशी ते बैलांना पेंड द्यायचे. बैल बसून असले की पेंड बंद. मी सकाळी पेंड भिजवायला जायचो, तेव्हा मला हाताने थांबवायचे आणि म्हणायचे, "आज खाडा हाय, आज पेंड न्हाय." ते मला चांगलं आठवतं. बैलाला जे लागू आहे ते हमालाला का नसावं? काम केलं नाही त्या दिवशी कामाचं खाणं कशाला?

रविवारी मी खोलीवर एकटा असतो. बरोबरचे दोघे आळंदकडचे आहेत, ते शनिवारी संध्याकाळीच गावाला जातात. त्यांची ताटं मी घासून पालथी घालून ठेवतो. मग हायवेच्या कडेला कठड्यावर जाऊन बसतो. काही ट्रक हैदराबादकडे जातात, काही सोलापूरकडे. फिरायला गेलो असतो, पण चालण्यात कॅलरी खर्च होतात आणि मग त्या भरून काढायचा प्रश्न येतो. म्हणून बसतो. दुपारचा झोपत नाही. झोपलं की ॲप आकडा आणखी कमी करेल असं वाटायचं. तसं ते करत नाही, मी चौकशी केली, पण झोपायची सवय गेली ती गेलीच.

सिद्रामप्पा रोज सकाळी मला विचारतात, "ऊटा आतेनु?" हे कानडी आहे. जेवण झालं का, असा अर्थ. मी हो म्हणतो. रविवारी कुणी विचारत नाही, त्यामुळे उत्तर द्यावं लागत नाही.

मामांच्या पद्धतीबद्दल माझी आठवण बरोबर आहे ना, तेवढं कळवा. कोसाच्या खुराला मागे जखम होती, ती बरी झाली का?

आपला,
रणधीर


ईट,
शनिवार, ५ जुलै

चि. रणधीरला आशीर्वाद.

मामाचं लिहिलंस, ते वाचून मी लई येळ वट्ट्यावर बसले. व्हय, बसल्या दिवशी पेंड बंद करायचे. तुझी आठवण बरोबर हाय. आज त्यावर जास्त लिव्हवत न्हाय.

शेंगदाण्याचे लाडू केलेत. डबा पोस्टानं लावलाय. शिवण ज्ञानेश्वरीनं घातली, माझ्या डोळ्याला दोरा दिसंना. पोस्टमास्तर म्हणला, "काकू, मुंग्या लागतील." म्हणलं, "मुंग्यांनी बी खावं, पण त्याला चार ऱ्हाऊ द्यावेत." एकटीसाठी काय करू वाटत न्हाय, पर तुझ्या निमतानं कढई तरी निघाली.

रविवारचे खा. मोजत बसू नको.

पाऊस बरा हाय. दावण जागंवर हाय.

आत्या


उमरगा,
रविवार, २७ जुलै

ती. आत्यांना नमस्कार.

पत्राला उशीर झाला. लाडवांचा डबा मिळाला. मुंग्या लागल्या नव्हत्या.

माझं इथे ठीक आहे. वजन साडेपन्नास भरलं होतं. काम चालू आहे. सध्या पोती शिवतो आहे.

जास्त लिहीत नाही. तुम्ही तब्येतीला जपा.

आपला,
रणधीर


ईट,
शनिवार, २ ऑगस्ट

रणधीर,

मला आंधळी समजतोस का?

ऱ्हस्व दीर्घ एक बी चुकलेलं न्हाय, म्हणजे पत्र तूच लिव्हलंस. पण अक्षर तुझं न्हाय. ओळी खाली घरंगळल्यात. मी तुझं हे असलं अक्षर एकदाच बघितलंय, चौथीत चिंचंवरनं पडला होतास तवा. डाव्या हातानं लिव्हलंस तू.

उजव्या हाताला काय झालंय? 'भरलं होतं' म्हणतोस, मग आता किती हाय? आन लाडू मिळाले म्हणतोस, खाल्ले का म्हणून कुठंच लिव्हलेलं न्हाय.

ज्ञानेश्वरी म्हणली, फोन लावून देते. नको म्हणलं. फोनवर तू 'ठीक हाय' म्हणशील आन मला त्ये बी ऐकू यायचं न्हाय.

सगळं लिही. डाव्या हातानं लिही, पर सगळं लिही.

आत्या


उमरगा,
रविवार, १० ऑगस्ट

ती. आत्यांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. हात आता बरा आहे, हे उजव्या हाताने लिहितो आहे. तुम्ही विचारलंत तसं सगळं लिहितो.

२४ जुलैला अमावस्या होती, गुरुवार. आडत बंद. मी सकाळी खूण बदलून 'बसून काम' लावलं आणि त्या आकड्यात राहिलो. संध्याकाळी भूक लागली होती. तुमचा डबा समोर होता. पण एका लाडवात किती कॅलरी ते ॲपला सापडत नव्हतं. शेंगदाणे किती, गूळ किती, ते मला माहीत नव्हतं. लिहिता येत नाही म्हणून मी डबा बंद करून ठेवला.

शुक्रवारी सकाळी मी खानावळीत जायच्या आधीच ट्रक लागला. टोळीत एक माणूस कमी होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी आपणहून पोतं घेतलं. वजन साडेपन्नास झालं होतं, पोत्यापेक्षा अर्धा किलो जास्त. ते सगळ्यांना दाखवावं असं वाटलं. ट्रकला लावलेल्या फळीवर दोन पावलं गेलो आणि पुढचं आठवत नाही. पोतं फुटलं. मनगट मुरगळलं, हाड शाबूत आहे. शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या अंगावर तूर होती आणि सिद्रामप्पा ती बाजूला करत होते.

डॉक्टरीणबाईंनी मोबाईल मागून घेतला आणि ॲप बघितलं. मग मला विचारलं, "तुला भरायचं आहे का वाळायचं आहे?" म्हणाल्या, "शनिवारी वाहिलेलं ओझं शनिवारी संपत नाही. अंगाची झीज सुट्टीच्या दिवशी भरून निघते. तू नेमका त्याच दिवशी त्याला उपाशी ठेवतोस. खाड्याच्या दिवशी अर्धी-एक भाकरी कमी झाली तर बिघडत नाही, निम्म्यावर येऊ नकोस. एका दिवसाचं नाही, आठवड्याचं मिळून बघ." मी त्यांना मामांची पद्धत सांगितली. मोबाईल परत देत त्या म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर आहे."

त्यानंतरच्या रविवारी सिद्रामप्पा खोलीवर आले. दारातूनच विचारलं, "ऊटा आतेनु?" रविवारी कुणी विचारेल याची मला सवय नव्हती. मी चुकून खरं सांगितलं, नाही म्हणालो. त्यांनी डबा उघडला, एक लाडू मला दिला आणि एक स्वतः खाल्ला. म्हणाले, "याच्यात किती आहे ते मला माहीत नाही. तुझ्या आत्याला माहीत असेल." मग आणखी एक खाल्ला. जागा दसऱ्यापर्यंत ठेवतो म्हणाले, त्यापुढचं बोलले नाहीत. वजन पुन्हा एकोणपन्नासवर आलं आहे.

हे सगळं झालं. आता माझा एक प्रश्न आहे. रागावू नका.

मनगट बांधलेलं होतं तेव्हा मी तुमची पत्रं काढून पुन्हा वाचली. एका पत्रात तुम्ही लिहिलं की चूल पेटवायची नव्हती, कालची भाकरी होती. दुसऱ्यात लिहिलं की एकटीसाठी काही करावंसं वाटत नाही. फोनवर काही विचारलं तरी तुम्ही आधी जेवले असंच सांगता. मला सवयच लागली आहे, म्हणून तुमचाही हिशेब मांडून पाहिला. आत्या, तुमच्याकडे आठवड्याचे सगळेच दिवस खाड्याचे दिसतात.

आणि मी दोन पत्रांत बैलांचं विचारलं. कोसाच्या खुराचंही विचारलं. तुम्ही प्रत्येक वेळी दावण जागेवर आहे असं लिहिलंत. दावण जागेवर असते हे मलाही माहीत आहे. ती दगडाची आहे.

आपला,
रणधीर


ईट,
शनिवार, १६ ऑगस्ट

चि. रणधीरला आत्याचा आशीर्वाद.

तुझं पत्र ज्ञानेश्वरीला वाचायला दिलं न्हाय. एकटीनंच वाचलं.

तू वळखलंस ते खरं हाय. बैल न्हायत. चैतात इकले. घेणाऱ्याला एकच अट घातली, दोघं संगंच ऱ्हायला पायजेत. रान बटईनं दिलंय. ट्रॅक्टर येतो, दोन घंट्यात सगळं उलथून मोकळा होतो. मग मी वैरण कुणासाठी काढू? तुला कळवलं असतं तर काम सोडून हितं येऊन बसला असतास. म्हणून दावण जागंवर हाय म्हणत गेले. खोटं बोलले न्हाय, एवढंच मनाचं समाधान.

भाकरीचं बी खरं हाय. काटवटीत एकटीपुरतं पीठ घ्यायला गेलं की मूठ लई ल्हान दिसती. तसंच डब्यात परत टाकते. सकाळचं रातच्याला, रातचं सकाळी, असं चाललंय.

आता मामाचं ऐक. तू मला इचारलंस तवाच सांगायला पायजे होतं. बैलाचा इषय वाढवायचा न्हवता म्हणून मी व्हय म्हणून मोकळी झाले, आन तू फळीवरनं पडलास. पेंड बंद करायचे, त्ये खरं. बसल्या बैलाला पेंड जड पडती. पण वैरणीचं काय? खाड्याच्या दिवशी दावण कवा रिकामी बघितलीस का? कडबा, हिरवं, उसाचं वाढं, दिसभर टाकायचे. मी म्हणायची, "अवं, आज काम न्हाय, एवढं कशाला?" तर म्हणायचे, "कालचं आज भरून निघायलंय. तोंड चालू दे त्याचं." तू सकाळी पेंड भिजवायला असायचास आन मग दप्तर घिऊन शाळंत. दिसभराची वैरण तुला कुठनं दिसणार? अर्धं बघितलंस आन अर्ध्यावरच जगायला लागलास.

आन पोळा कसा इसरलास? वरीसभरात ज्या दिवशी मानंवर जू न्हाय, काडीचं काम न्हाय, त्याच दिवशी त्याला पुरणाची पोळी. नांगरटीच्या दिवशी दिली का कवा कुणी?

आणखी एक लिव्हते. तुझी आई गेल्यावर तुला मी हितं आणलं, तवा सात वरसाचा होतास. शाळंला सुट्टी असली की तू एक भाकर कमी खायचास. मी वाढायला वाकले की ताटावर हात आडवा धरायचास, "झालं" म्हणायचास. मला वाटायचं, आज हिंडला न्हाय, भूक नसंल. एवढी वरसं मला तसंच वाटत आलं. "काम केलं नाही त्या दिवशी कामाचं खाणं कशाला" असं तू लिव्हलंस, तवा मला त्यो हात दिसला. लेकरा, तुला आमच्या घरी कामाला आणलं न्हवतं.

येत्या गुरुवारी खांदेमळण, शुक्रवारी पोळा. अमावस्या हाय, तुमची आडत बंदच असंल. गुरुवारी दुपारचा खाडा कर आन सांजच्या गाडीनं ये. वजनाचं कारण सांगू नको, काटा धनाजीच्या दुकानात हाय, माझ्या घरात न्हाय. मी हरबऱ्याची डाळ निवडून ठिवली हाय. यंदा हळद-लोणी कुणाच्या खांद्याला लावू म्हणून बसले होते. वझं वाहणारे खांदे घरातच हायत, त्ये ध्यानात आलं न्हवतं. पोळीला मात्र पाटावर बस, दावणीला बस म्हणत न्हाय.

मामा बैलांचे खांदे मळून झाल्यावर त्यांच्या कानाशी वाकून सांगायचे, त्ये तुला पाठ हाय. पोस्टाला चार दिस लागतात, म्हणून आजच लिव्हते:

आज आवतण घे, उद्या जेवायला ये.

आत्या


उमरगा,
रविवार, २४ ऑगस्ट

ती. आत्यांना नमस्कार.

काल दुपारी सुखरूप पोचलो. नळदुर्गला बस बराच वेळ थांबली, तेव्हा तुम्ही बांधून दिलेल्या दोन पोळ्या तिथेच खाल्ल्या. त्या तुम्ही रात्रीसाठी दिल्या होत्या, हे मला माहीत आहे.

काल आडतीवर शेवटच्या ट्रकला थोडा वेळ गेलो. सदरा काढल्यावर सिद्रामप्पांनी माझे खांदे बघितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा रे, याला हळद लागली! दीड दिवसात लग्न करून आला." ट्रक भरेपर्यंत मला नवरदेव म्हणत होते. मी काय झालं ते सांगितलं नाही. हळद अजून पूर्ण गेलेली नाही. अंघोळीला मी तिथे फार घासत नाही.

दसऱ्यापर्यंत पंचावन्न होणार नाही, हे मी त्यांना स्वतःच सांगितलं. त्यांनी मी शिवलेलं एक पोतं फिरवून बघितलं. मग म्हणाले, "टाके सरळ घालतोस. यंदाच्या सोयाबीनला सुई तुझी. पाठीचं पुढच्या वर्षी बघू." सुईची मजुरी कमी असते, पण जागा राहिली. खाड्याच्या दिवसाची खूण आता मी मध्यम कामावर ठेवली आहे. त्याच्या खाली नेत नाही.

शुक्रवारचं ॲपमध्ये काही लिहिलेलं नाही. पोळ्या किती झाल्या ते मी मोजायला लागलो की तुम्ही दुसरं काहीतरी बोलायला काढत होता, ते माझ्या लक्षात आलं होतं. शनिवारी सकाळी बसमध्ये ॲपने विचारलं, काल तुम्ही काहीच खाल्लं नाही का? त्याच्या हिशेबात २२ ऑगस्टला मी उपाशी आहे. मागच्या तारखेचं अजून भरता येतं. मी भरत नाही. तुम्ही माझ्या ताटात वाढत होता आणि तुमच्या ताटातली पोळीही संपत होती, ते लिहायला त्यात जागा नाही.

आज रविवार. बरोबरचे दोघे गावाला गेले आहेत. खोलीत आवाज नाही. संध्याकाळी खानावळ बंद असते, म्हणून प्रेमाबाईंना सांगून दोन भाकऱ्या सकाळीच बांधून घेतल्या. त्या समोर आहेत, गार झाल्या आहेत. तुमचे दोन लाडूही उरले आहेत.

आता सात वाजत आले. तुम्ही काटवटीत दोन मुठी पीठ घ्यायचं कबूल केलं आहे. घेतलंत की नाही ते मला इथून दिसत नाही. फोन करून उपयोग नाही, तुम्ही जेवले म्हणाल.

तुम्ही ताटावर बसलात असं धरून मी सुरू करतो.

आपला,
रणधीर